फ्रिजवर चादर

"कुठे राहता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"देवनार," मी म्हटलं.

राहते तिथे, म्हणून सांगितलं. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसची मीटिंगची खोली होती. समोर बोरिवलीच्या एका टॉवरचे सेक्रेटरी. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला होता. माझ्याशीसुद्धा.

देवनार ऐकलं आणि ते हसले. "म्हणजे बकरे कापतात ते? का तो कचऱ्याचा डोंगर?"

त्यांच्याबरोबर आलेला खजिनदारही हसला. माझ्या बाजूला मृण्मयी मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या हाताखाली मी काम करते. त्या पटकन म्हणाल्या, "चेंबूर. चेंबूरला राहते ती."

माझ्या तोंडातला शब्द काढला, पुसला, तिथे दुसरा ठेवला. मी तिथेच बसली होती. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मग सेक्रेटरींनी टेबलावरची सॅनिटायझरची बाटली पुढे ओढली. दाबली. दोन्ही हात नीट चोळले, बोटांच्या मधेसुद्धा. चोळता चोळताच लिफ्टच्या मेन्टेनन्सचं बोलायला लागले.

सवय असेल त्यांची. बऱ्याच लोकांना असते. देवनार ऐकलं नसतं तरी त्यांनी हात पुसले असते, असंही असेल. मला आजपर्यंत कळलेलं नाही. तोंडावर शिवी घातली असती तर मी उलट घातली असती. बाटली दाबणाऱ्या माणसाला काय बोलणार?

आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट सांभाळते. मी फोनवर होती. लिफ्ट मधेच बंद पडली की आतला माणूस फोन लावतो, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहते. "काकू, खाली बसा. दरवाजा ओढू नका. मी आहे ना फोनवर. जेवलात का? काय केलं होतं?" लोक शांत व्हायचे. काही जण तर बाहेर आल्यावर परत फोन करायचे, ती मुलगी द्या म्हणून. त्यामुळेच मला फोनवरून उचलून मीटिंगमध्ये बसवलं. सोसायटीवाल्यांशी बोलायला.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, लालबागची खोली गेली, देवनारला आले. माझा जन्म तिथलाच. वडील आता नाहीत. आई प्रसूतिगृहात आया होती, रिटायर झाली. ती कणकवलीकडची. एवढी वर्षं मुंबईत काढून तिची मालवणी हलली नाही.

त्या मीटिंगनंतर मॅडमनी मला पॅन्ट्रीत गाठलं. मॅडम मुलुंडच्या, पूर्वीपासूनच्या. आवाज गोड. "अगं, खोटं नाही ते. तुमचा भाग चेंबूरला लागूनच तर आहे. पण लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं ना. आपल्या कामात इमेज असते. तुझ्या चांगल्यासाठीच सांगतेय."

त्यांच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नसते. म्हणूनच मला त्यांची भीती वाटायची.

त्या दिवसापासून माझं चांगलं करणं सुरू झालं. केसांना तेल लावून यायचं नाही. पानी नाही, पाणी. आनि नाही, आणि. 'मी आली' नाही, 'मी आले'. आमच्याकडे सगळ्या बाया 'मी आली, मी गेली' असंच बोलतात. आत्ताही मी तसंच सांगते आहे. पण तेव्हा शिकली. पटापट शिकली. मॅडम खूश.

कंपनीच्या वेबसाइटसाठी फोटो काढायचा होता. मॅडमनी स्वतःचा ब्लेझर दिला. मला तो मोठा व्हायचा. मागून कपड्यांचे चिमटे लावून घट्ट केला. फोटोत चिमटे दिसत नाहीत. खाली माझं नाव, आणि चेंबूर.

मग कोणी 'छान दिसतेस' म्हटलं की माझ्या डोक्यात यायचं, म्हणजे आधी कशी दिसायची? कोणी डबा पुढे केला की वाटायचं, हिने आपला चमचा वेगळा का ठेवला? दोघी कोपऱ्यात हसल्या की माझ्यावरच. कदाचित नसेलही. पण एकदा ती बाटली दाबलेली बघितली ना, मग सगळ्यांचे हात बघायची सवय लागते.

घरीसुद्धा तीच भाषा यायला लागली. एकदा एका सोसायटीचा फोन घरी घेतला. ठेवल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला न्याहाळत म्हणाली, "फोनार कोण बोलत होती गो? माका वाटला, दुसरीच कोण बाय इली."

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

मग ऑफिसात वारं फिरलं. मोठे साहेब कुठल्यातरी शिबिराला जाऊन आले आणि म्हणायला लागले, माणसानं कामावर खरं असावं. मुखवटे नकोत. एका ट्रेनरला बोलावलं. खुर्च्या गोल मांडल्या. म्हणे, प्रत्येकानं आपली खरी गोष्ट सांगायची.

कांदिवलीचा निखिल, माझ्याच टीममधला, इंजिनीअरिंगला नापास झाला तेव्हा वडील त्याच्याशी बोलायचे बंद झाले होते. ते सांगताना रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या कळल्या नाहीत. पोरगा रडतोय आणि टाळ्या?

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला मांजरं आवडतात."

लोक हसले. ट्रेनर म्हणाला, "अजून आत जा."

"आत एवढंच आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "अगं वेडे, तुझी गोष्ट तर सोनं आहे! देवनार ते अंधेरी!"

देवनार. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. किती लाडानं म्हणाल्या.

कंपनी छोटी फिल्म काढणार होती. आमच्याकडे कुठून कुठून माणसं वर येतात, हे दाखवायला. आणि सोसायट्यांचं सगळं काम बघणारी एक जागा रिकामी होणार होती. "फिल्म झाली की साहेब तुला नाही म्हणूच शकणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

मला ती जागा हवी होती. कामाच्या जोरावर माझाच हक्क होता, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "येवंदेत. चाय पितले आणि जातले."

रविवारी सकाळी आले. मॅडम आणि कॅमेरावाले दोघं. आईनं लग्नकार्याची हिरवी साडी नेसली होती, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला होता. कॅमेरावाला म्हणाला, "मावशी, रोजची नाही का एखादी? जरा जुनी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे. मॅडम हसल्या, "कॅमेऱ्यात हिरवा रंग फार भडक येतो हो." आई आत गेली, साडी बदलून आली. वळेसर काढलेला.

मॅडम घरभर फिरत होत्या. वडिलांचा फोटो राहू दे म्हणाल्या. टीव्ही भिंतीकडे फिरवायला लावला. मग फ्रिजपाशी थांबल्या. नवा लाल फ्रिज होता. मी घेतलेला. आईनं त्याला दसऱ्याला झेंडूचा हार घातला होता.

"हा फ्रेममध्ये फार येतोय," त्या म्हणाल्या. "यावर काहीतरी टाका ना."

कॅमेरावाल्यानं आमच्या पलंगावरची चादर ओढली आणि फ्रिजवर टाकली. मेलेल्या माणसावर टाकतात तशी. आणि मी उभी राहून बघत होती.

"मावशी, तुम्ही आता भांडी घासायला बसा. लोकांकडे कामं करायचात ना?" मॅडमनी विचारलं.

"मी दवाखान्यात आया होतंय," आई म्हणाली. "बाळंतपणां करून घेतलंय लोकांची."

"हो हो. पण भांडी दिसली की लोकांना लगेच पोचतं," मॅडम म्हणाल्या.

आईचे गुडघे गेलेत. ती भिंतीला धरून खाली बसली. भांडी सकाळीच घासून पालथी घातली होती. तीच स्वच्छ भांडी पुढ्यात घेतली आणि परत घासायला लागली. कॅमेरा चालू. पाहुणे सांगतात तसं करावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मला दारात उभं केलं. वाक्य मॅडमनी ठरवून आणलं होतं. मी कचऱ्यातून वर आले.

मी तोंड उघडलं. "मी कचऱ्यातून..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. डोळे चमकले त्यांचे. "आले नको म्हणूस. 'आली' म्हण. तुमच्याकडे म्हणतात तसं. ते जास्त खरं वाटेल."

ज्या एका अक्षरासाठी ह्या बाईनं मला सगळ्यांसमोर टोकलं होतं, ते अक्षर ती मला परत देत होती. कॅमेऱ्यापुरतं. चादर, भांडी, जुनी साडी, सगळं मला त्या क्षणी एकदम दिसलं. तो ब्लेझर त्यांचाच होता, आणि ही गरिबीसुद्धा त्यांनीच आणलेली होती. मागून चिमटे लावून माझ्या मापाची करत होत्या.

"मी नाही बोलणार," मी म्हटलं.

"हे वाक्य? बरं, बदलू आपण."

"काहीच नाही बोलणार. कॅमेरा बंद करा."

मॅडमचा आवाज आणखी गोड झाला. "अगं, लाज वाटते का तुला देवनारची? इथेच तर खरं असायचंय आपल्याला."

"लाज तुम्हाला वाटत होती, मॅडम. चेंबूर तुम्ही म्हणालात. आता कौतुकही तुम्हालाच वाटतंय. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही. आणि आम्ही कचऱ्यात राहत नाही. माझी आई कोणाची भांडी घासत नव्हती. घासत असती तर तेही सांगितलं असतं, पण तुमच्या सांगण्यावरून नाही."

कॅमेरावाला बुटांकडे बघत होता.

"आई, ऊठ," मी म्हटलं. हात दिला. ती उठली, हात पदराला पुसले. काय झालं ते तिला पूर्ण कळलं की नाही, मला माहीत नाही. पण ती सरळ फ्रिजपाशी गेली, चादर ओढून खाली टाकली, दार उघडलं आणि थंड पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

"पाणी पिया," ती म्हणाली, "आणि निघा."

जागा निखिलला मिळाली. "सॉरी यार," तो म्हणाला. त्याचा काय दोष? कामाचा मुलगा आहे. फिल्म दुसऱ्या कोणाची तरी निघाली. मी बघितली नाही. मॅडम माझ्याशी आणखी गोड बोलायला लागल्या आणि मला मीटिंगांना बोलवायला विसरायला लागल्या. मी परत फोनवर.

वर्षाअखेरीला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कामाला नाव ठेवायला जागा नाही, म्हणाल्या. पण टीममध्ये मिसळत नाहीस. फार संशयी आहेस.

"हो, आहे," मी म्हटलं.

त्यांनी उसासा टाकला. "वाईट वाटतं गं. तुझ्यासारख्या मुलींना कोणी मनापासून पुढे आणायला गेलं की..." वाक्य तिथेच सोडलं. लॅपटॉप बंद केला. म्हणजे मी आता उठायचं.

मी उठली नाही.

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"नाही कळत. तुम्ही बोला."

त्या काचेबाहेर बघायला लागल्या. बाहेर सगळे आपापल्या टेबलावर, माना खाली. नोकरी मी सोडणार नाही. ती मला कोणी दया म्हणून दिलेली नाही. काम करते, पगार घेते. माझं घर आणि माझी बोली त्या पगारात धरलेली नाही. दाखवायचं काय आणि झाकायचं काय, ते मी ठरवीन. आणि अर्धं वाक्य माझ्या अंगावर टाकून पुढे जायचे दिवस संपले. ज्याला बोलायचंय त्यानं शेवटपर्यंत बोलायचं. माझ्या तोंडावर.

"बोला मॅडम," मी म्हटलं. "मी बसली आहे."