हळदीच्या दिवशी पडलेला पोचा
बंबाच्या धुराचा वास आला की म्हसावदचं आमचं अंगण आठवतं. ताईच्या हळदीची दुपार होती. अचानक वादळ सुटलं आणि मांडवाचा एक बांबू निखळून वडिलांनी नुकत्याच घेतलेल्या गाडीच्या मागच्या प्लास्टिकच्या बंपरवर आदळला. ताटलीएवढा पोचा पडला. याच गाडीतून ताईला सासरी पाठवायची त्यांची केवढी हौस! “आते मन्ही पोर हाई गाडीमा कशी जाई?” म्हणत ते मटकन खाली बसले. तेवढ्यात हळदीने माखलेली ताई बाहेर आली. “दादा, सरका,” वडिलांना म्हणाली. बंबातलं तिच्याच अंघोळीचं कढत पाणी तिने बंपरवर ओतलं, हाताला फडकं गुंडाळून तो खालून आत घातला आणि जोर लावला. टप्पकन आवाज झाला आणि बंपर पुन्हा सपाट! “निंघना, पोचा निंघना!” वडील ओरडले आणि वाजंत्र्यांनी काही न विचारता वाजवायलाच सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी ताई थेट स्टेअरिंगवर बसली. “गाडी मीच चालवसू,” म्हणाली, आणि नवरदेव हसत शेजारी बसला. ती धुरळा उडवत गेली, तशी मी वडिलांचा हात धरून म्हटलं, “दादा, आता माले शिकाडा.” आज हे लिहितानाही माझ्या गाडीची किल्ली समोरच आहे.