डेपोतले साताऱ्याचे साहेब

विनयाताईंचं डेपोशी वाजलं ते पापडांवरून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फरिदाबादच्या नव्या सेक्टरात त्यांनी घर बांधलं, तेव्हा तीन बाजूंना मोकळे प्लॉट होते आणि मागच्या भिंतीपलीकडे तेलाचा डेपो. गच्चीत वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडांना पेट्रोलचा वास लागला, सगळे फेकून द्यावे लागले, आणि बाईंचं डोकं फिरलं.

शेजारच्या कुलवंत कौरचं दुखणं पापडांपेक्षा मोठं होतं. त्यांना दमा होता. डेपोत टँकर वरून, झाकण उघडं ठेवून भरत. भरायला लागले की वाफ भिंतीवरून इकडे यायची आणि कुलवंत ओढणी नाकाला लावून आत पळायच्या. टँकर खालून भरा, निघणारी वाफ नळीने परत टाकीत न्या, एवढंच दोघींचं मागणं. त्यासाठी त्यांनी घरोघर सह्या मागितल्या, प्रदूषणवाल्यांच्या कचेरीत खेटे घातले, तिथल्याच बाकावर बसून एकमेकींच्या डब्यातले पराठे आणि थालीपीठ खाल्लं. शेवटी कचेरी नमली. मे महिन्यात हवा तपासायला माणसं येणार असं ठरलं.

नेमके तेव्हाच गुलाबराव दारात उभे राहिले. डेपोचे नवे मॅनेजर. दारावरची मराठी पाटी वाचून आले म्हणे.

"वहिनी, आम्ही साताऱ्याचे."

झालं! विनयाताईंचं माहेर साताऱ्याचं. वर्षानुवर्षं 'हां जी, नहीं जी' करून बाईंचं तोंड आंबलं होतं. पोहे झाले, चहा दोनदा झाला. गुलाबराव हात धुवायला गेले तेव्हा अशोकराव हळूच बायकोला म्हणाले, "अगं, डेपोचा माणूस आहे तो."

"असू दे. आपल्याकडचे आहेत."

निघताना गुलाबराव म्हणाले, "वहिनी, वाफेच्या पाइपचं काम वरून मंजूर होत आलंय. आत्ता तपासणी झाली तर वरचे बिथरतील, सगळंच अडकेल. दिवाळीपर्यंत थांबा. शब्द देतो."

विनयाताईंनी कुलवंतना विचारलंसुद्धा नाही. एकट्या कचेरीत गेल्या आणि तपासणी पुढे ढकला म्हणून सांगून आल्या. तिथल्या बाबूच्या तर पथ्यावरच पडलं. कुलवंतना तारीख पुढे गेली एवढंच कळलं.

गुलाबराव लबाड नव्हते, हे म्हणायला हवं. पण दसऱ्याच्या सुमारास त्यांची बढतीवर मुंबईला बदली झाली. जाताना पेढे देऊन गेले. नव्या मॅनेजरना पाइपचं काही ठाऊक नव्हतं, साताऱ्याचं तर त्याहून नाही. दोघी कचेरीत धावल्या, तर बाबू विनयाताईंना म्हणाला, "मैडम, आप ही तो रुकवा के गई थीं. हमने तो केस बंद कर दिया." कुलवंत शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदा विनयाताईंकडे पाहिलं.

सेक्टरच्या बैठकीत लोक चवताळले. "किसने रुकवाया?" तेवढ्यात कुलवंत उठल्या आणि खोकला आवरत म्हणाल्या, "हम दोनों ने मिलके रुकवाया था जी."

विनयाताई मान खाली घालून बसल्या. हो नाही की नाही नाही. त्या गप्प बसण्याची लाज त्यांना जन्मभर पुरली.

पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. पण आता लोक दारातूनच वाटेला लावायचे. डेपो हलला तो कितीतरी वर्षांनी, जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर. कुणाच्या छातीची तेव्हाही कुणाला पडलेली नव्हती, आणि कुलवंत तोवर राहिल्या नव्हत्या.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात विनयाताई एकदा धीर करून त्यांच्या खाटेशी जाऊन बसल्या. "कुलवंतजी, मैंने उस दिन आपसे पूछे बिना..."

"छड्ड ना, जाने दे," कुलवंत म्हणाल्या. "मेरे पास भी कोई अपने पिंड का, अपने गाँव का आ बैठता, तो मैं भी मान जाती."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर विनयाताईंना सोसल्या असत्या. हे सोसवेना. त्या तिथेच हुंदके देऊन रडल्या. कुलवंतनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, फिरवता फिरवता थांबवला आणि ओढणी नाकाशी नेली.

"खिड़की बंद कर दे, विनया. टैंकर लग गए."

विनयाताई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.