मला वाचता येत होतं

पुस्तक त्यांनी पायानं सरकवलं.

फौजदारी कायद्याचं जाडजूड पुस्तक होतं. पाठ उसवलेली, मधली पानं सुटलेली. वकीलसाहेब खोलीच्या आत उभे. मी बाहेर ओसरीत, पोत्यावर. पुस्तक घ्यायला मी हात पुढं केला आणि माझी बोटं चौकटीच्या आत गेली. लगेच त्यांनी ते फरशीवर टाकलं. मग जोड्याच्या टोकानं ढकलत दारापर्यंत आणलं आणि पायरीवरून खाली लोटलं.

"आता घे," म्हणाले.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला अक्षर आलं नाही. तरी वाटेतल्या कागदाच्या चिटोऱ्यावर पाय पडला तर आई वाकून हात लावायची आणि तो हात कपाळाला न्यायची. ज्यांच्या घरात पोथ्यांचे गठ्ठे, त्यांना मला हातानं पुस्तक देण्यापेक्षा पायानं लोटणं बरं वाटलं.

मी ते उचललं. सवयीनं कपाळाला लावलं. आत बसलेले दोघं-तिघं वकील हसले.

"पाया पडतोय बघा! एक तरी अक्षर येतं का याला?"

येत होतं. पाठीवरचं नाव मी उचलतानाच वाचलं होतं. पण ते हसले म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची लाज आजही जात नाही. त्यांचा पाय मी विसरेन एखाद्या वेळी, माझं हसणं विसरणार नाही.

निजामाचं राज्य होतं. बीडच्या कचेरीच्या आवारात वकिलांनी कायद्याच्या पुस्तकांची एक खोली केलेली. सगळे तिला कुतुबखाना म्हणत. चार मोठी कपाटं, एक लांब मेज, आणि दाराशेजारी भिंतीवर एक लाकडी फळी. हैदराबादेहून जरीदा, म्हणजे सरकारी राजपत्र, यायचा, नवे कायदे यायचे, अंमलदारांना पाठवलेल्या हुकमांच्या गश्त्या यायच्या. आलेल्या कागदांची यादी त्या फळीवर लागायची. वकिलीच्या परीक्षेला बसणारे लोक संध्याकाळी येऊन ती आधी वाचायचे, मग आत जायचे. सगळा कारभार उर्दूत.

आमचं काम चामड्याचं. बाप मोटा शिवायचा, जोडे शिवायचा. माझा हात बारीक कामाला बसला म्हणून पुस्तकांच्या पाठी शिवायला मला तिथं ठेवलं. आरी, सुई, मेण लावलेला दोरा, खळ. फाटलेलं पुस्तक दिवस दिवस माझ्या मांडीवर असायचं. शिवून झालं, की मुन्शीजी येऊन ते आत न्यायचे, आणि त्यानंतर मी त्याला हात लावायचा नाही. कपाटापर्यंत जायचा तर प्रश्नच नव्हता. बारा वर्षं त्या खोलीची पुस्तकं शिवली, खोली आतून पाहिली नव्हती.

मुन्शीजी म्हणजे खोली सांभाळणारे. उतारवयाचे मुसलमान गृहस्थ, पाठीत वाकलेले. एकदा मी सुटलेली पानं उलटीपालटी शिवली. एका वकिलाला भर अदालतीत भलतंच कलम सापडलं आणि बोलणी मुन्शीजींना खावी लागली. ते माझ्याजवळ ओसरीत येऊन बसले. रागावले नाहीत. पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ये आकडे सीख ले. फिर गलती नहीं होती."

आकडे शिकलो. मग पाठीवर नाव लिहायचं काम आलं. आधी मी अक्षरं नक्षीसारखी उतरवायचो, कशाला काय म्हणतात ठाऊक नसताना. मुन्शीजींनी एकेक अक्षर ओळखायला लावलं. दुपारी वकील अदालतीत गेले की धडा चालायचा. दोन वर्षांत मी वाचायला लागलो. अडखळत, पण कळून.

"किसी कू बोलनेका नक्को," ते म्हणाले. "मेरी नौकरी बी जाती, तेरी बी जाती."

मी कुणाला बोललो नाही. एकटी आक्का सोडून. माझी थोरली बहीण. वडवणीच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. नारायणगडच्या जत्रेत भेटलो, तेव्हा रेवड्यांच्या पुड्याचा छापील कागद मी तिला वाचून दाखवला. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं तो कागद घडी घालून कनवटीला खोवला.

"कुनाला दावू नगं," मी म्हणालो.

"मी कशाला दावू? पर माझा भाऊ वाचतोय, ह्ये मला तर ठावं हाय ना!"

पुढं सहा-सात महिन्यांनी एक गश्ती आली. वर्षाच्या गश्त्या एकत्र शिवायच्या होत्या, त्यात ती माझ्या मांडीवर आली. मी वाचली. पुन्हा वाचली. दौऱ्यावरच्या अंमलदारानं रयतेकडून फुकट काम घ्यायचं नाही. सामान वाहायला माणूस लावला तर मजुरी त्याच्या हातात द्यायची. आजारी माणसाला न्यायचंच नाही. कुणी नेलं तर तालुकदाराकडं फिर्याद करायची.

वेठ. आमच्या वाड्यावस्त्यांत जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर असलेली. ती करू नये असं सरकारच्याच कागदावर लिहिलेलं, आणि तो कागद माझ्या मांडीवर!

मुन्शीजी ती माझ्याकडून घेऊन यादीशेजारी फळीवर लावायला निघाले होते. वकीलसाहेबांनी अडवलं. मी ऐकत होतो.

"कशाला बाहेर लावता? उद्या खेड्यातले लोक कुणाकडून तरी वाचून घेतील आणि प्रत्येक पाटील इथं येऊन डोकं खाईल. शिवून टाका गठ्ठ्यात."

मुन्शीजींनी ती परत माझ्यापुढं ठेवली. मी टाका घातला आणि शिवायला घेतली. माझ्याच हातानं.

गठ्ठा अजून अर्धा शिवायचा होता तेव्हा आक्का आली. सकाळची वेळ. पाय धुळीनं पांढरे, लुगडं गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. रात्र वाटेत कुठंतरी काढून चालत आली होती. आल्या आल्या ओसरीच्या कडेला टेकली.

"ह्यांना चार दिस झालं ताप हाय. उठवत न्हाई. अन्‌ दौऱ्याचा मुक्काम परवा हलनार हाय. पाटील म्हनतो, तंबू वाह्याला ह्योच पायजे. मानसं कमी हायत म्हनं." तिनं माझा हात धरला. "तुज्या वकिलाला इचार की रं. काई कायदा असंल."

कायदा माझ्या मांडीवर होता. सुई त्यात अडकलेली.

वकीलसाहेब दारात आले, तशी आक्का जमिनीला डोकं टेकून सगळं सांगायला लागली. त्यांनी गावाचं नाव विचारलं. पाटलाचं नाव विचारलं. ते ऐकून जरा थांबले. तो पाटील त्यांचा जुना पक्षकार, हे मला माहीत होतं. गहू-गूळ घेऊन यायचा त्यांच्याकडं.

"वेठ हा रिवाज आहे बाई," ते म्हणाले. "रिवाजाला कायदा नसतो. जा, नवऱ्याला काढा पाज."

"कागदात काईच न्हाई का, सायेब?"

ते हसले. माझ्याकडं बोट केलं. "तुझ्या भावालाच विचार. सगळी पुस्तकं शिवतो ना! काय रे, वाचता येतं का तुला?"

आक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळे मोठे झाले होते तिचे. तिला वाटलं, आता हा बोलणार.

तालुकदाराची कचेरी त्याच आवारात होती. चिंचेच्या पलीकडं. मी उठलो असतो, बहिणीला घेऊन साठ-सत्तर पावलं चाललो असतो, एवढंच करायचं होतं. मला मुन्शीजी आठवले. माझी दोन लेकरं आठवली. ओसरीतली जागा आठवली, सावलीतली. गावात मेलेली जनावरं ओढण्यापेक्षा बरी.

"न्हाई, सायेब," मी म्हणालो.

आक्का उठली, पदर नीट केला आणि निघाली. मी तिच्या मागं फाटकापर्यंतही गेलो नाही. हातातलं काम पुढं चालू केलं.

पुढच्या बाजाराला तिच्या गावचा माणूस भेटला. दाजी गेले होते. अंगात ताप असताना तंबूचे खांब डोक्यावर दिले. चढावर कोसळले. बाकीच्यांना थांबू दिलं नाही. संध्याकाळी माघारी येताना त्यांनीच दाजींना उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीव गेला.

मी गेलो. दारात बायका बसलेल्या. आक्का भिंतीला टेकून होती. मला बघून ती रडली नाही. मी तिच्या पायाशी बसलो, तसे तिनं पाय आखडून घेतले.

"तुला येत हुतं," ती म्हणाली.

तेवढंच. शिव्या नाही, शाप नाही. तीन शब्द. परतीच्या वाटेवर मी त्यांना उत्तर शोधत होतो. पुढं लोक मला म्हणाले, तू बोलला असतास तरी पाटलानं नेलंच असतं. खरंही असेल. पण नेलं असतं तो पाटलाचा गुन्हा झाला असता. मी बोललो नाही, हा माझा. वकिलानं कायदा लपवला तो त्याच्या पक्षकारासाठी. मी कुणासाठी लपवला? माझ्याच बहिणीपासून? वकिलाचा राग करणं सोपं होतं. बरेच दिवस मी तेवढंच करत होतो.

मग एक दिवस गठ्ठ्यातल्या त्या पानाची नक्कल केली. बांधणीतून उरलेल्या कागदाच्या पट्टीवर, खळीच्या हातानं, शाई सांडत. आयुष्यात स्वतःहून लिहिलेली ती पहिली गोष्ट. दुसरी नक्कल केली. तिसरी. मुन्शीजींनी पाहिलं. त्यांनी दौत माझ्याकडं सरकवली.

बाजाराच्या दिवशी आवार खेड्यांतल्या लोकांनी भरलेलं असायचं. मी पोत्यावरून उठलो. गठ्ठा हातात घेतला आणि चौकटीतून आत गेलो. पहिल्यांदा. मेजाभोवतीचे वकील मला बघून उभेच राहिले. एकानं धोतर आवरून घेतलं.

"ए! कशाला आत आला रे?" चपराशी ओरडला.

मी मेजावर गठ्ठा ठेवला, गश्तीचं पान उघडलं आणि दाराकडं तोंड करून वाचायला लागलो. मोठ्यानं. एक ओळ उर्दूत, मग तीच आमच्या भाषेत. तिसऱ्या ओळीला ओसरीसमोर माणसं गोळा झाली. आजारी माणसाला न्यायचं नाही, ही ओळ आली. ती ओळ मी दोनदा वाचली.

वकीलसाहेब लालबुंद झाले होते. "तुला वाचता येत नाही म्हणाला होतास!"

"खोटं बोललो, सायेब. येक मानूस मेला त्यापायी."

चपराशानं मला ओढत बाहेर काढलं. पायरीवर पाडलं, लाथा घातल्या. कुणी शिकवलं याला, म्हणून आत आरडाओरडा चालला होता. मी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. तेवढ्यात मुन्शीजींचा आवाज आला. वाकलेला माणूस ताठ उभा राहून बोलत होता.

"मैं सिखाया. मेरे कू पूछो."

त्यांची नोकरी गेली. माझी तर त्याच क्षणी गेली होती. मुन्शीजी पुढं मुलाकडं परभणीला गेले, तिथंच वारले असं ऐकलं. त्यांच्या म्हातारपणाची भाकर माझ्यामुळं गेली, हेही माझ्याच पदरात आहे. त्यांनी कधी दोष दिला नाही म्हणून ते हलकं होत नाही.

नकला घेऊन मी आक्काच्या गावाकडं निघालो. वाटेतल्या वस्त्यांवर थांबलो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून शब्दन्‌शब्द पाठ करून घेतला. बायकांकडून आधी. पुढच्या दौऱ्याला दोन गावांत माणसांनी मजुरी मागितली. एका गावात दिली. एका गावात झोडपून काढलं. ज्यांना मार पडला त्यांच्या सांगण्यावरून मी फिर्याद लिहिली आणि त्यांना घेऊन तालुकदाराच्या कचेरीची पायरी चढलो. फिर्याद ठेवून घेतली, निकाल लागला नाही. मी दुसरी लिहिली.

आक्का माझ्याशी बोलत नाही. तिच्या अंगणात बसून मी लोकांचे कागद वाचतो. ती आतून तांब्याभर पाणी बाहेर ठेवते आणि निघून जाते. तिनं माफ करावं, असं मी मागत नाही. माफी मिळाली, तर मला पुन्हा झोप यायला लागेल, आणि मला ती नको.

माझ्यापुढं कागद घेऊन कुणीही यावं. चावडीवर यावं, पाटलाच्या देखत यावं, वकिलाच्या दारात यावं. मला वाचता येतं का, असं कुणीही विचारावं. मी हो म्हणणार. आणि विचारलं नाही तरी वाचणार.