चार दिवसांची तार

एकाहत्तरच्या लढाईच्या हिवाळ्यात तो म्हातारा मला विट्याच्या एसटी स्टँडवर भेटला. आटपाडीकडचा मेंढपाळ होता. माझ्या हातातली पुस्तकं बघून जवळ आला आणि पटक्यातून घामेजलेली तार काढली. त्याचा मुलगा पलटणीत होता.

"गावात वाचली असती, तर पुरतं ऐकायच्या आदीच बायकांनी गळा काढला असता. वाच रं, पर दमानं."

तार इंग्रजीत होती. 'युवर सन वूंडेड. नाऊ आऊट ऑफ डेंजर.' आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलो तर?

"जखमी आहे," मी चाचरत म्हणालो. "पण आता धोक्याच्या बाहेर."

"म्हंजी? जित्ता हाय न्हवं?" त्यानं डोळे गच्च मिटले.

"आवं बाबा, आजारी मेंढरू वाचलं हे तुमी कसं वळखता?"

"चाऱ्याला तोंड लावतं."

"तसंच. तुमचं पोरगं आता चाऱ्याला तोंड लावतंय."

तो हसला, डोळे पुसले आणि तार परत पटक्यात खोवली.

"चार दिस हितंच हुती. दावायचा धीर हुईना."

त्याची एसटी गेली. मी तिथंच उभा राहिलो. तारेतला 'आता' चार दिवसांपूर्वीचा होता.