टाईट नव्हे, टॉट

मुनीर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हारला शाळेतच होते. त्यांची मुलगी शमा एवढंच म्हणाली, "ताई, अब्बा गेले…" आणि खरं सांगते, मला आधी रडू आलंच नाही. डोळ्यांपुढे आले ते बाजेला पाय लावून दोरी ओढणारे, तोंड लालबुंद झालेले सर. दीड महिना झाला, पण त्यांच्याविषयी रडवेलं काही लिहिताच येत नाही. माणूसच तसा नव्हता.

राहुरीला आमच्या शेजारच्या गल्लीत सर इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. त्यांच्याकडे एक रीत होती. दिवसभर येणारे-जाणारे बसून अंगणातल्या बाजेची झोळी झालेली असायची. आलेल्यानं आधी सरांबरोबर तिची दोरी ओढून आवळायची, मग पुस्तक उघडायचं. मी तेव्हा शिक्षिकेच्या नोकरीसाठी हिंडत होते. दोन मुलाखतींत इंग्रजी बोलायची वेळ आली आणि दातखीळ बसली. तिसरी कोल्हारची, तीत वर्गावर इंग्रजीचा पाठही घेऊन दाखवायचा होता. ही हुकली तर केडगावला मामांच्या कापडदुकानात बसायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं. आदल्या संध्याकाळी दोरी ओढता ओढता सरांनी विचारलं, "टाईट कशाला म्हणशील?"

"चप्पल, बरणीचं झाकण…"

"बरोबर. घट्ट बसलं ते टाईट. आन् ही दोरी?"

"तीपण टाईट."

"चालंल. पण नेमका शब्द हाय टॉट. ताणल्यालं ते टॉट. चप्पल टॉट हुत न्हाई, दोरी हुती, शीड हुतं. भ्यालेल्या मानसाचा चेहराबी हुतो. आत्ता तुझा झालाय तसा."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. म्हणजे दोरी सोडलीच की! पलीकडून जोर लावणारे सर धाडकन मेंदीच्या झुडपात. सरांच्या पत्नी, आमच्या चाची, स्वयंपाकघरातून धावत आल्या, तर सर पडल्या पडल्या मला विचारताहेत, "आता दोरी कशीय? सांग, इंग्रजीत सांग." मी म्हणाले, "स्लॅक!" म्हणजे सैल. त्या क्षणी सरांनी ठरवलं, उद्याचा पाठ हाच. बाजेची दोरी सोडवून त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी अनोळखी वर्ग, मागच्या बाकावर संस्थेची मंडळी. मी दोरी काढली, दोन मुलींच्या हाती टोकं दिली. "पुल!" दोरी ताठ. "इट इज टॉट." मग एकीला म्हणाले, सोड. दुसरी पाठच्या तिघींवर पडली, वर्ग खदखदून हसला, आणि मी न विचारताच पोरं ओरडली, "नॉट टॉट, नॉट टॉट!" त्या गोंगाटात माझी भीती कुठे गेली कळलंच नाही. नोकरी मिळाली. पेढे आणि दोरी घेऊन गेले तर चाची तक्रार करत होत्या, "बाजेला दोरी न्हाई, रात्रभर फरशीवर झोपले. आता पाठ टॉट झालीया म्हनं."

"टॉट न्हाई," सर कण्हत म्हणाले, "स्टिफ. आखडल्याली ती स्टिफ. शब्द जपून वापरा."

सरांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर परवा गेले होते. अंगणात बाज पार सैल पडली होती. चाची म्हणाल्या, "एकटीनं वढत न्हाई गं. धर जरा." आम्ही दोघींनी ओढली. ओढता ओढता मी म्हणाले, "चाची, तुम्ही तर आत कॉटवर झोपता. ही कुणासाठी?" त्या दोरीला गाठ मारत म्हणाल्या, "शमाच्या अब्बांची शिकवनी बंद करायची न्हाई, असं ठरवलंय आमी. पोरं इचारत येत्यात. दर रविवारी तू येशील ना?"

मी हो म्हणाले. बोलताना माझा आवाज कापत होता. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते विचारायला आता सर नाहीत.