दहा नंबरचा ढोलवाला

डॉ. इनास शहाता हिला आमच्या तांत्यात, इजिप्तमधल्या या शहरात, बरीच वर्षं कुणी डॉक्टर म्हणून मोजतच नव्हतं. गोळी देत नाही, सुई टोचत नाही, साधी नाडी बघत नाही, मग ही डॉक्टर कसली? शेजारची उम्म रमझी, म्हणजे रमझीची आई, एकदा स्वतःचा खोकला घेऊन गेली, तर इनास म्हणाली, "अहो मावशी, मी खोकला बरा करत नाही, मी खोकले मोजते." मावशींनी अख्ख्या गल्लीत बोभाटा केला, की शहाताची पोर परदेशात शिकून मोजणीकारीण होऊन आली!

बाप शहाता बाजारात तराजू दुरुस्त करायचा. पोर गणितात हुशार निघाली, शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेली आणि तिथे कॅन्सरच्या गाठी वाचायला शिकली. गाठीतलं कुठलं जनुक जोरात बोलतंय आणि कुठलं गप्प बसलंय, हे मशीन हजारो आकड्यांत ओकतं. त्या आकड्यांतून अर्थ काढायचा, हा तिचा उद्योग. हॉलंडमध्ये ती पंधरा नंबरच्या खोलीत राहायची. बापाची पत्रं मात्र सगळी दहा नंबरच्या म्हातारीकडे जायची. ती बिचारी दोन जिने चढून पत्र आणून द्यायची आणि वर म्हणायची, "तुझ्या वडिलांना लेकीचं घरसुद्धा माहीत नाही का गं?" इनासला अस्सा राग यायचा!

तिथेच राहिली असती तर चैनीत राहिली असती. पण आमच्या भागात मूत्राशयाचा कॅन्सर जिकडेतिकडे, आणि आमच्या माणसांच्या गाठी वाचायला कुणी नाही. म्हणून परत आली. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, गळक्या नळाशेजारी बसून तिने एक हिशोब बसवला. गाठ मवाळ की जहाल, ते त्यातून कळतं. मवाळ असेल तर औषधं आणि वरचेवर तपासणी, बस्स. जहाल असेल तर मूत्राशय काढायचं आणि जन्मभर पोटावर लघवीची पिशवी बाळगायची.

तिला एक खोड होती. कुठलाही निकाल हातात आला, की आधी आकड्यांनाच विचारायचं, "पुरुष की बाई?" जनुकांत ते उघड दिसतं. कागदावर पुरुष आणि आकड्यांत बाई, म्हणजे कुठेतरी गाठींच्या तुकड्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली. हाताखालचे लोक हसायचे, म्हणायचे, "बाई, ही तपासणी की लग्नाचं स्थळ बघणं?"

आणि नेमकी एकदा ती ही खोड विसरली.

परदेशी मशीनवर पाठवलेल्या चौसष्ट नळ्यांचे निकाल बुधवारी आले. सर्जन डॉ. शौकी सकाळपासून फोनमागून फोन करत होते. "इनास, दहा नंबरचं सांग आधी. कंदील ढोलवाला. रविवारी टेबलावर घ्यायचाय की सोडायचाय?" तिने दहा नंबर काढला. जहाल. सही ठोकली आणि कागद वर पाठवून दिला.

उस्ता, म्हणजे उस्ताद, कंदील हा आमच्या वरातींचा जीव. चाळीस वर्षं तो मोठा ढोल पोटावर बांधून नवऱ्यामुलापुढे नाचत आलाय. ढोल टेकतो नेमका तिथेच, जिथे पिशवी येणार. निकाल ऐकून तो एवढंच म्हणाला, "मग ढोल भाच्याला देऊन टाकतो." आणि खरोखरच देऊन टाकला.

गुरुवारी इनास बाकीच्या नळ्यांचे निकाल तपासत बसली. चौसष्टातल्या त्रेसष्ट झाल्या. राहिला दहा. सही तर झालेलीच होती, आता कशाला बघायचं? तरी तिने बघितलं.

बाई!

तिने पुन्हा बघितलं. कंदीलच्या मिशा तर कानापर्यंत, आणि आकडे सांगतायत बाई. मग ही गाठ कुणाची? यादीत एक नंबर आलाच नव्हता. "नळी पोचली नाही" असा शेरा होता त्यापुढे. नंबर पंधरा.

पंधरा आणि दहा. तिला हॉलंडमधली ती म्हातारी आठवली.

बाप पत्त्याची परकी अक्षरं चित्र काढल्यासारखी उतरवायचा, पण आकडे घालायचा हाताच्या सवयीने, आपले अरबी. आमचा एक म्हणजे उभी रेघ, पाच म्हणजे नुसता गोल आणि शून्य म्हणजे ठिपका. आम्ही पंधरा लिहिलं, की परका माणूस डोळे मिटून दहा वाचतो.

ती धावतच कोठारात गेली. नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायचं काम अम्म बहगत, म्हणजे बहगतकाका, यांचं. साठीचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं. "अम्म बहगत, पाठवताना एखादी चिठ्ठी बदललीत का हो?"

"एकच. ओलाव्याने निघाली होती, नवी लावली. का गं बाळ?"

"कुठल्या आकड्यात लिहिलीत?"

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. "हाय अल्ला! घाईत आपल्याच आकड्यात लिहिली की. पंधरा."

"आणि दहा नंबरची नळी?"

"ती कुठे पाठवली! तुकडा इवलासा होता. नंतर बघू म्हणून फ्रीजमध्ये ठेवली आणि..." अम्म बहगत रडायलाच लागले.

"रडू नका हो. तुम्ही चिठ्ठी लावलीत. सही माझी आहे."

जुन्या नमुन्यांतल्या पंधरा नंबरच्या फौकियाबाईंचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, बाई ठणठणीत होत्या. तिकडची काळजी नव्हती. काळजी होती रविवारची.

इनासने शौकींना फोन लावला, ते भडकलेच. "पुरुषाची खूण गाठीतून पुसली जाते कधी कधी, हे तूच छापलंयस ना? मग?"

"पुसली जाते. पण पुसल्या जागी बाईची खूण उगवत नाही, डॉक्टर. ही गाठ कंदीलची नाहीच."

"म्हणजे बुधवारची तुझी सही..."

"चुकली. तुम्ही घाई केलीत आणि मी केली. खापर माझ्यावर फोडा, पण चाकू खाली ठेवा."

शौकी म्हणाले, "मी त्याचं सगळं काढून मोकळा झालो असतो गं."

इनास स्वतः वॉर्डात गेली आणि कंदीलला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो उठून बसला. "मग माझी कशी आहे, मवाळ की जहाल?"

"माहीत नाही, उस्ता. तुमचा तुकडा आहे नखाएवढा. दहा दिवस द्या मला."

"पुन्हा दहाच का?" तो म्हणाला, आणि तिला हसू आलं, रडूही आलं.

तुकडा कैरोच्या मशीनवर गेला. या खेपेला नंबर अक्षरांत लिहिला होता, आणि अम्म बहगत नळी मांडीवर घेऊन स्वतः गाडीत बसले. त्या दहा दिवसांत उम्म रमझीने इनासला भरल्या कबुतराचं ताट पाठवलं, ते तसंच परत गेलं.

अकराव्या दिवशी निकाल आला. तिने आधी एकच गोष्ट बघितली. पुरुष. मग खाली बघितलं. मवाळ. पुन्हा बघितलं, अम्म बहगतना दाखवलं, शौकींना खाली बोलावून दाखवलं, आणि मगच सही केली. ती टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली.

दुपारी कंदील बायकोला घेऊन आला. इनास म्हणाली, "उस्ता, दोन गोष्टी निघाल्या. पहिली, तुम्ही पुरुष आहात."

"अहो डॉक्टरबाई, एवढ्यासाठी कैरोचं मशीन कशाला? हिला विचारायचं होतंत!"

"मला विचारलं असतं तर अजून दहा दिवस लागले असते," बायको म्हणाली.

"आणि दुसरी, तुमची गाठ मवाळ आहे. काही काढायचं नाही."

बायकोने तोंडाला ओढणी लावली. मग कंदीलने सदरा वर केला, पोटावर जिथे डॉक्टरांनी पिशवीसाठी शाईची फुली काढली होती आणि ती अजून पुरती गेली नव्हती, नेमक्या त्याच जागी दोन्ही हातांनी वरातीचा ठेका धरला. अम्म बहगत दारात उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

"बस करा आता," इनास डोळे पुसत म्हणाली. "आधी भाच्याकडून ढोल परत आणा."