शेजारच्या खाटेचं दुखणं

कुएंका शहरातल्या जुन्या इस्पितळात ओबदुलिया परिचारिकेची एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात गेली. पाठीवर ओझी वाहून गुडघे झिजवलेल्या बाजारवाल्या बायका तिच्याकडे येत आणि नवे गुडघे घेऊन जात.

त्या वर्षी डॉक्टर वास्कोनेस शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून गुडघ्यात टोचायच्या दोन भूल-औषधांची तुलना करत होते. एक जुनं, एक नवं. कुणाला कुठलं टोचलं, ते बंद पाकिटात. दुखणं शून्य ते दहात सांगायचं. पण जी ती बाई म्हणे, "देवाची कृपा, डॉक्टरबाळा, एक लिहा."

"फरकच नाही," डॉक्टर म्हणाले. "जुनंच चालू ठेवू."

"फरक नाही? चालवताना काहींची नखं माझ्या दंडात रुततात!"

"औषध ठरवायच्या बैठकीत तुमचा दंड चालत नाही, ओबदुलिया. आकडा आणा."

मका विकणाऱ्या झोइलाने तर एक गुडघा बदलून घरी निघताना हळूच सांगून टाकलं होतं, "दुसरा गुडघा मोडकाच बरा गं बाई." ते ओबदुलियाच्या मनातून जाईना.

एके सकाळी ती रोसाउराची पट्टी बदलत होती. "किती दुखतंय?"

"एक. माझं सोड, हिचं बघ!" रोसाउराने शेजारच्या खाटेकडे हनुवटी उडवली. "ओठ चावून चावून सुजवलाय. आठ लिही!"

"गप गं, भोचक!" शेजारीण ओरडली.

ओबदुलियाचा हात थांबला. ज्याने बरं केलं त्याच्यापुढे कण्हणं म्हणजे कृतघ्नपणा, हे तिला आईनेच शिकवलं होतं. शेजारणीबद्दल मात्र तोंड आवरायला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती प्रत्येकीला शेजारणीचं दुखणं विचारू लागली. डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, "बरं, चाळीस जणींचं आणा."

चाळीस झाल्या. पाकिटं फोडली. जुन्या औषधाच्या बायकांपुढे सात, आठ, सात. नव्याच्या बायकांपुढे दोन, तीन, दोन. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि उठून ओबदुलियाला आपली खुर्ची दिली. पुढल्या सोमवारपासून वॉर्डात नवं औषध आलं.

ओबदुलिया स्वतः जाऊन झोइलाला घेऊन आली. दुसरा गुडघा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "किती?"

"शून्य, डॉक्टरबाळा."

डॉक्टर वळले ते थेट शेजारच्या खाटेकडे.

"कसलं दुखणं नि कसलं काय!" शेजारीण कडाडली. "सकाळपासून दोनदा चालून आली, वर माझा मकाही खाल्ला!"

"कच्चाच होता," झोइला म्हणाली.

ओबदुलियाने ठळक अक्षरात शून्य लिहिलं.